गिटारीसाठी पाटल्या मोडायच्या का?

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

 आमचा बचत गट आहे. दर महिन्याला आम्ही चौघीजणी इथं येऊन काही ना काही बोलतो. शेळीचं कर्ज कसं फेडायचं, शिलाई मशीन नवं घ्यावं की जुनं, पिठाच्या गिरणीसाठी वीजजोडणी कशी मागायची, असे आमचे विषय. आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, या बायकांना झालंय तरी काय? आज आम्ही इलेक्ट्रिक गिटारीवर बोलणार आहोत. स्वस्तातली घेतली तर चालते का, की महागच घ्यावी लागते?

हसू नका. हा प्रश्न आमच्यापुढे कर्जाच्या अर्जातून आला. गेल्या वर्षी जून महिन्याच्या बैठकीत आमच्या गटातल्या एक ताई उठून म्हणाल्या, "गटाकडून मला चाळीस हजार द्या. बाकीचे मी पाटल्या मोडून उभे करते." कशासाठी, तर लेकीच्या गिटारीसाठी. क्षणभर कुणी काही बोललंच नाही. त्या पाटल्या ताईंच्या आईनं त्यांना दिलेल्या, आणि त्यांनी त्या लेकीच्या लग्नासाठी ठेवलेल्या, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मुलगी तेव्हा अकरावीत होती. मामाची जुनी लाकडी गिटार घरात पडून होती, तिच्यावर ती आठवीपासून वाजवत आलेली. कॉलेजात मुलामुलींनी मिळून गाण्याचा गट काढला आणि तिला सांगितलं की आपल्याला इलेक्ट्रिक गिटार लागेल. मायलेकी दुकानात गेल्या. दुकानदारानं सांगितलं, "ताई, ऐंशी हजारांच्या खाली जे मिळतं ते खेळणं समजा. त्यावर शिकली तर पोरीचा हात बिघडेल." आईच्या मनात ते वाक्य रुतून बसलं. हात बिघडेल म्हटल्यावर कुठली आई पाटल्यांकडे बघत बसेल?

बैठकीत दोन तट पडले. एकीचं म्हणणं, "आठ हजारांतही मिळते की गिटार. नवं खूळ आहे, सहा महिन्यांत उतरेल." दुसरी म्हणाली, "मुलीची जात. लग्न झालं की ती गिटार माळ्यावर जाणार." तेव्हा आमच्यातल्या सगळ्यांत मोठ्या काकू म्हणाल्या, "दोन वर्षांपूर्वी आपण एकीच्या मुलाला मोटारसायकलसाठी कर्ज दिलं. तो ती किती दिवस चालवेल, असं तेव्हा कुणी विचारलं होतं का?" कुणी विचारलं नव्हतं. मग ठरलं की आम्ही चौघींनी महिनाभर चौकशी करायची, आणि पुढच्या बैठकीत सांगायचं की किती पैशांत काय मिळतं. त्या चौकशीत जे कळलं, ते आज तुम्हाला सांगतो.

आधी ही वस्तू काय आहे ते बघू. साध्या लाकडी गिटारीचं पोट पोकळ असतं. तार हलली की पुढची लाकडी फळी हलते आणि पोटातली हवा घुमते. तिथं लाकूड कसलं आणि फळी किती पातळ, यानं आवाजात खूप फरक पडतो. आपल्या तंबोऱ्याचा भोपळा असतो तसंच. पण आजच्या बहुतेक इलेक्ट्रिक गिटारींना असं पोट नसतं, सरळ भरीव लाकूड असतं. तारा पोलादाच्या. त्यांच्याखाली लोहचुंबक बसवलेले असतात आणि भोवती केसापेक्षाही बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. याला पिकअप म्हणतात. वर पोलादी तार हलली की खालच्या वेढ्यांत बारीकशी वीज तयार होते. ती वीज केबलमधून ॲम्प्लिफायरमध्ये जाते, तिथं मोठी होते आणि कर्ण्यातून आवाज बाहेर पडतो. म्हणजे आपल्या कानावर येतो तो आवाज गिटार, ॲम्प आणि कर्णा या तिघांनी मिळून केलेला असतो. दुकानदारानं आमच्या ताईंना ॲम्पबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता.

आणखी एक गोष्ट वाचली आणि आम्हाला ती फार आवडली. अमेरिकेतली फेंडर ही गिटारींतली मोठी कंपनी. ती काढणारे लिओ फेंडर हे मुळात रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. १९३८ साली कॅलिफोर्नियात फुलर्टन गावी त्यांनी रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण १९५० च्या सुमाराला त्यांनी जी गिटार बाजारात आणली, ती कारखान्यात सुटे भाग करून जोडता येईल अशीच आखलेली होती. दांडी वेगळी, धड वेगळं, दोन्ही स्क्रूनं आवळायचे. दांडी खराब झाली तर नवी बसवायची. १९५४ साली आलेली त्यांची स्ट्रॅटोकास्टर आजही जगभर वाजते, आणि तिची बांधणी अशीच आहे. म्हणजे या जातीची गिटार पहिल्यापासूनच कारखान्याची वस्तू आहे. एकाच कारागिरानं महिनोन्‌महिने कोरत बसावं, असं तिचं कामच नाही.

त्याच कारखान्यात १९५६ साली अबिगेल इबारा नावाची एक स्त्री कामाला लागली. तिनं कित्येक दशकं पिकअपचे वेढे गुंडाळले. तिच्या हातचे पिकअप आज लोक मुद्दाम शोधून, जास्त पैसे मोजून घेतात. मंचावर टाळ्या वादकाला पडतात, पण त्या आवाजामागे यंत्रापाशी बसून तार गुंडाळणारी एक बाई असते, हे आपल्यासारख्यांना लगेच समजतं.

आता किमती. आम्हाला दिसल्या त्या साधारण अशा. सात-आठ हजारांपासून सुरुवात. पंधरा ते तीस हजारांत नावाजलेल्या कंपन्यांच्या सुरुवातीच्या गिटारी. ऐंशी-नव्वद हजारांना त्याच कंपन्यांच्या वरच्या. आणि अमेरिकेत बनलेल्या दीड-दोन लाखांपासून पुढे कितीही. मोठ्या कंपन्यांचं स्वस्त भावंडंही असतं. फेंडरनं १९८२ साली स्क्वायर हे नाव कमी किमतीच्या गिटारींसाठी आणलं, आणि गिब्सन कंपनीचं तसंच भावंडं म्हणजे एपिफोन. आकार बहुतांशी तोच, मापं जवळपास तीच. आता लाकूड संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी कापतात, त्यामुळे इंडोनेशियातली दांडी आणि अमेरिकेतली दांडी यांच्या आकारात पूर्वीइतकं अंतर उरलेलं नाही.

लाकडाचंही ऐका. महाग गिटारींच्या दांडीवर बऱ्याचदा शिसवीची पट्टी असते. स्वस्त गिटारींपैकी काहींवर 'इंडियन लॉरेल' असं लिहिलेलं असतं. आम्हाला वाटलं, हे काय परदेशी प्रकरण? चौकशी केली तर तो निघाला आपला ऐन. आपल्या रानातला ऐन. तेव्हा एक काकू म्हणाल्या, "ऐनाला स्वस्त म्हणणाऱ्यानं कधी ऐनावर कुऱ्हाड चालवून बघितली नसेल."

वाचून झालं, तरी कानानं ऐकल्याशिवाय आमची खात्री पटेना. म्हणून आम्ही मुलीला घेऊन पुण्याला गेलो. तिथल्या एका दुकानातला पोरगा भला निघाला. आम्ही त्याला म्हटलं, "बाळा, आम्ही तुझ्याकडे पाठ करून बसतो. तू चार गिटारी वाजव, ॲम्प एकच ठेव, आणि कुठली कुठली ते सांगू नकोस." एक आठ हजारांची, एक अठरा हजारांची, एक नव्वद हजारांची आणि एक पावणेदोन लाखांची. आम्ही पाचजणी भिंतीकडे तोंड करून बसलो. दुकानातली गिऱ्हाइकं हसत होती.

निकाल सांगतो. आठ हजारांची आम्ही ओळखली. ती वाईट वाजत होती असं नाही, पण त्यानं तार ओढून सूर वर नेला आणि परत सोडली की सूर जागेवर येत नव्हता, थोडा उतरलेला राहत होता. आमच्यातल्या एक ताई भजनी मंडळात गातात, त्यांनी तो लगेच पकडला. बाकीच्या तिघींमध्ये मात्र आम्हाला काहीही सांगता येईना. एकदा तर सगळ्या जणी ठामपणे म्हणालो की तिसरी सगळ्यांत महाग, आणि ती होती अठरा हजारांची.

नंतर मुलीनं डोळे मिटून त्या चारही हातात घेतल्या. तिनं मात्र पावणेदोन लाखांची बरोबर ओळखली, वाजवायच्या आधीच. "हिची कड हाताला टोचत नाही, काकू. वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या पोळपाटासारखी लागते," असं म्हणाली. म्हणजे महाग गिटारीतला फरक खोटा नाही. पण तो ऐकणाऱ्याच्या कानापेक्षा वाजवणाऱ्याच्या हाताला जास्त कळतो.

आमची परीक्षा ही घरगुती परीक्षा. पण मोठ्या लोकांनीही अशा परीक्षा घेतल्या आहेत. २०१० साली अमेरिकेत इंडियानापोलिस इथं व्हायोलिनची घेतली. एकवीस कसलेले वादक, डोळ्यांवर काळे गॉगल, सहा व्हायोलिनं. त्यांतली तीन नवी आणि तीन जुनी इटालियन. जुन्यांत दोन स्ट्राडिव्हेरियसची, ज्यांच्या किमती आपण नुसत्या ऐकून गप्प बसायचं. वादकांना नवं कुठलं आणि जुनं कुठलं हे खात्रीनं ओळखता आलं नाही. बहुतेकांना नवं आवडलं, आणि सगळ्यांत कमी आवडलेलं निघालं एक स्ट्राडिव्हेरियस. इलेक्ट्रिक गिटारीच्या बाबतीत जिम लिल नावाच्या अमेरिकन वादकानं याहून मजेशीर प्रयोग केला. त्यानं गिटारीचं लाकूडच काढून टाकलं. दोन टेबलांमध्ये ताणाव्यात तशा तारा ताणल्या, खाली पिकअप नेमक्या अंतरावर धरला आणि वाजवलं. त्याच्या चांगल्या गिटारीचा आवाज आणि हा आवाज जवळजवळ सारखाच आला.

मग जास्तीचे पैसे जातात कुठं? आमच्या समजुतीप्रमाणे चार ठिकाणी. एक, पडद्यांचं काम. दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, सतारीला असतात तशा. त्यांची टोकं घासून गोल करणं, सगळ्या एका पातळीत आणणं, हे वेळ खाणारं हाताचं काम आहे. दोन, खुंट्या आणि घोडी. चांगल्या खुंट्यांवर लावलेला सूर टिकतो. तीन, आतली जोडणी. बटणं आणि केबलचं भोक, हे स्वस्त गिटारीत लवकर खरखरायला लागतं. आणि चार, नाव. नावाचे पैसे वाया जातात असंही नाही, कारण नाव असलेली गिटार विकायला काढली तर बरी किंमत येते. पण आठ हजारांवरून अठरावर गेलं की जेवढा फरक पडतो, तेवढा अठरावरून नव्वदवर गेल्यानं पडत नाही. हे आम्ही बैठकीत सांगितलं आणि गटानं पंचवीस हजारांचं कर्ज मंजूर केलं. गिटार अठरा हजार पाचशे, छोटा ॲम्प साडेसहा हजार, केबल, पट्टा आणि पिशवी मिळून दीड हजार. पाटल्या डब्यातच राहिल्या.

इथं हे भाषण संपलं असतं तर बरं झालं असतं. पण खरी गोष्ट पुढंच आहे.

पंधरा दिवसांनी ताईंचा फोन आला. पोर गिटार हातात धरत नाही. आम्ही घरी गेलो. तिची बोटं सोललेली होती. तार दाबायला जोर लागतो म्हणाली, आणि दाबली तरी मध्येच झणझण आवाज येतो, सुरुवातीच्या पडद्यांवर सूर चढा लागतो. मामाच्या जुन्या गिटारीवर जे येत होतं तेही इथं येईना. आम्हाला वाटलं ती चिडलेली असेल. पण ती चिडली नव्हती, खाली मान घालून बसली होती. "मलाच येत नाही," म्हणाली. "तुम्ही सगळ्यांनी पैसे दिले आणि मला येत नाही." तिची आई आमच्याकडे बघत होती. ती बोलली काही नाही, पण तिच्या मनात काय होतं ते आम्हाला कळलं. दुकानदार म्हणाला होता ना, स्वस्त म्हणजे खेळणं. आपणच त्यांना पाटल्या मोडू दिल्या नाहीत, असं आम्हालाही वाटून गेलं. त्या रात्री आम्हा चौघींना झोप लागली नाही.

आमच्या गावाहून मिरज तासाभरावर. मिरजेला तंबोरे आणि सतारी बनवणारी घराणी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथं तंतुवाद्यं दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर काकांकडे आम्ही ती गिटार घेऊन गेलो. संकोच वाटत होता, हे तंबोऱ्याचे लोक, आपण इलेक्ट्रिक गिटार काय दाखवायची? पण त्यांनी ती हातात घेतली, दांडीवरून एक डोळा मिटून नजर टाकली, दोन तारा छेडल्या आणि विचारलं, "ही वाजवायला लावून दिलीय का नुसतीच विकलीय?"

मग त्यांनी समजावलं. तंबोरा कितीही चांगल्या लाकडाचा असो, घोडीवरची जवारी काढलेली नसेल तर तो बोलत नाही. आणि साध्या तंबोऱ्याची जवारी हातानं नीट काढली तर गवई तो घेऊन मैफिलीला बसतो. "बाई, वाद्य बनवणं निराळं आणि वाद्य लावणं निराळं. कारखान्यात बनवतात. लावायला माणूस लागतो." ते म्हणाले, "महागाच्या गिटारीत हे लावण्याचे पैसे बऱ्याचदा आधीच धरलेले असतात. स्वस्तातल्यात धरलेले नसतात. इतकंच."

गिटारीच्या भाषेत याला सेटअप म्हणतात. काकांच्या शेजारीच गिटारींचं काम करणारा एक जण होता, त्यानं अर्ध्या दिवसात ते करून दिलं. आम्ही शेजारी बसून बघितलं. दांडीच्या आत एक पोलादी सळई असते. तारांच्या ओढीनं दांडीला बाक येतो, तो त्या सळईच्या टोकाचा नट फिरवून कमी-जास्त करतात. आमची गिटार भर पावसाळ्यात आणलेली, हवेनं तिचा बाक बदललेला होता. वरच्या टोकाला तारा ज्या पट्टीच्या खाचांत बसतात, त्या खाचा उथळ होत्या. म्हणून पहिल्या पडद्यावर जास्त दाबावं लागत होतं आणि सूर चढत होता. त्यानं बारीक कानशीनं खाचा खोल केल्या. बाराव्या पडद्यापाशी तारेची उंची तीन मिलिमीटरच्या वर होती, ती दोनच्या आत आणली. दोन पडदे वर आलेले होते, तिथंच ती झणझण होती, ते घासून पातळीत घेतले. घोडीवरचे छोटे आधार मागं-पुढं सरकवून सूर जुळवले. मजुरी नऊशे रुपये, नव्या तारा साडेपाचशे.

मुलीनं तिथंच स्टुलावर बसून वाजवलं. बरंच वेळ वाजवलं. मग आईकडे बघून म्हणाली, "आई, मला येतं." ताईंनी पदर डोळ्यांना लावला आणि आम्ही उगाच दुकानातल्या तंबोऱ्यांच्या किमती विचारत बसलो.

मैत्रिणींनो, आज आम्हाला खरं सांगायचं आहे ते हेच. स्वस्त गिटार महाग गिटारीच्या तोडीची असते का, या प्रश्नाचं उत्तर बऱ्याच अंशी हो असं आहे, पण ती नीट लावलेली असेल तर. न लावलेली स्वस्त गिटार शिकणाऱ्याला एक वाईट गोष्ट शिकवते. वाद्याचा दोष ती पोराच्या माथी मारते. कसलेला वादक लगेच म्हणेल, तारा उंच आहेत. नवशिक्या पोरीला तसं वाटत नाही, तिला वाटतं आपल्यातच कमी आहे. आणि मुलींना ही सवय आधीपासून लागलेलीच असते. चौदाशे पन्नास रुपयांचं काम राहून गेलं म्हणून एका मुलीनं वाजवणं सोडलं असतं, आणि आपण सगळ्या म्हणालो असतो, बघा, खूळच होतं.

स्वस्त वाद्यावर मोठी माणसं वाजवून गेली आहेत, याचीही एक गोष्ट सांगतो. क्वीन नावाचा जगप्रसिद्ध इंग्लिश बँड. त्यातले गायक फ्रेडी मर्क्युरी लहानपणी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकले होते. त्या बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांना तरुणपणी फेंडर किंवा गिब्सन परवडत नव्हती. १९६३ साली त्यांनी वडिलांच्या मदतीनं घरीच गिटार बनवायला घेतली. दांडीसाठी जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड. घोडीला जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा. सूर हलवायच्या दांड्याच्या टोकाला आईच्या विणायच्या सुईचं टोक. आणि दांडीवरच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. सगळा खर्च आठ पौंडांच्या आसपास. क्वीनच्या गाण्यांत ऐकू येते ती हीच गिटार, आणि पुढं जगभरच्या मैदानांवर त्यांनी हीच वाजवली. पण ध्यानात घ्या, त्या बापलेकांनी ती दोनेक वर्षं खपून घडवली होती. पैसे कमी होते, हात कमी पडले नव्हते.

आणि मुलींनी इलेक्ट्रिक गिटार वाजवायची का, असं कुणी म्हणालं तर सिस्टर रोझेटा थार्प यांचं नाव सांगा. १९१५ साली अमेरिकेत आर्कान्सॉत जन्मलेली ही कृष्णवर्णीय स्त्री देवाची गाणी गात इलेक्ट्रिक गिटार वाजवायची. रॉक संगीत म्हणून जे नंतर आलं, त्याच्या आधीपासून वाजवायची. पुढं आलेल्या नामवंत पुरुष वादकांनी तिच्याकडून घेतलं आहे.

एक गोष्ट सांगितली नाही तर अर्धवट राहील. गिटार स्वस्त होते, त्यात यंत्रांचा वाटा आहे तसा कमी मजुरीचाही आहे. अमेरिकेतून जपान, जपानमधून कोरिया, कोरियातून चीन आणि इंडोनेशिया, असं हे काम मजुरीमागं सरकत गेलं. दक्षिण कोरियात २००७ साली एक गिटारींचा कारखाना बंद झाला, तिथले कामगार २०१९ पर्यंत न्याय मागत राहिले. म्हणून स्वस्त वस्तूचीही किंमत ठेवायची, सहा महिन्यांत फेकून दुसरी घ्यायची नाही.

आता कुणाला घ्यायची असेल तर थोडक्यात सांगतो. कागद-पेन असेल तर घ्या.

सगळे पैसे गिटारीत घालू नका. तिसरा हिस्सा ॲम्पसाठी ठेवा, आणि दीड-दोन हजार सेटअप आणि तारांसाठी बाजूला काढा. दुकानात दांडीच्या दोन्ही कडांवरून हात फिरवा, पडद्यांची टोकं टोचली तर ती गिटार ठेवून द्या. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर वाजवून बघा, कुठं झणझण येते का. तार मोकळी लावा आणि मग बाराव्या पडद्यावर दाबून वाजवा, तोच सूर वरच्या सप्तकात यायला हवा. चढा-उतरा आला तर घोडीचं काम बाकी आहे, ते दुकानदाराला तिथंच करायला सांगा. चार-पाच वेळा तार ओढून सोडा, सूर टिकतो का बघा. केबल लावून बटणं फिरवा, खरखर ऐका. आणि स्वतः वाजवता येत नसेल तर येणाऱ्या कुणाला बरोबर न्या. एकाच किमतीच्या, एकाच नावाच्या दोन गिटारीही सारख्या निघत नाहीत, म्हणून हातात घेऊनच घ्या. वापरलेली चांगली मिळाली तर तीही बघा.

महाग कुणी घ्यावी? जी रोज चार-चार तास वाजवते, कार्यक्रम करते, जिचा हात पुढं गेलाय आणि गिटार मागं पडलीय, तिनं जरूर घ्यावी. तो दिवस वाजवणारीला स्वतःलाच कळतो. दुकानदारानं सांगावा लागत नाही.

आमच्या मुलीचं सांगून संपवतो. ती आता बारावीत आहे. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये तिनं वाजवलं, आम्ही चौघी पहिल्या रांगेत होतो. तिच्या शेजारच्या मुलाची गिटार लाखाच्या वरची होती, असं नंतर कळलं. कर्जाचे हप्ते वेळेवर येतात. शेवटचे तीन राहिलेत. मागच्या बैठकीत ती आईबरोबर आली आणि म्हणाली, गावातल्या दोघी लहान मुली माझ्याकडे शिकायला येतात, त्यांची फी आली की पुढचा हप्ता मीच भरते. आमच्या कर्जाच्या रजिस्टरमध्ये कारण लिहायचा एक रकाना असतो. शेळी, गिरणी, शिलाई मशीन. आता त्यात गिटारही आहे, आणि मागच्या महिन्यात एकीनं हार्मोनियमसाठी अर्ज दिलाय. तिला आम्ही पहिला प्रश्न हाच विचारला, "सूर लावून देणार आहेत ना?"

पुढच्या महिन्यात पुन्हा भेटू. नमस्कार.